पूर्ण चार्ज, आणि पुढे उतार

३ मार्च

प्रिय ठिणगी,

उत्तर देशील ते फक्त मला दे. तुझ्या आतोबांना कळलं, की त्यांच्या गाडीबद्दल मी तुला विचारलंय, तर घरातलं बोलणं बंद होईल. आधीच फार नाही.

गोल्फच्या मैदानावरून निवृत्त होताना ह्यांना ती बॅटरीवरची गाडी मिळाली होती, आठवते ना? पांढऱ्या छपराची? तिथल्या सगळ्या गाड्या ह्यांनीच आयुष्यभर सांभाळल्या, म्हणून एक जुनी देऊन टाकली. आमच्या गल्लीत मोटार शिरत नाही हे तुला माहीत आहे. लहानपणी याच उतारावर गुडघे फोडून घेतलेस. तेव्हा डायलिसिससाठी ह्यांना खाली दवाखान्यात जायचं आणि पुन्हा वर यायचं, ते सगळं त्या गाडीच्या जिवावर.

गेल्या आठवड्यात परत येताना ती मधल्या वळणावर बसली. बॅटऱ्या संपल्या बिचाऱ्या. डायलिसिस झाल्यावर माणसात तरी काय त्राण असतं? बेकरीवाल्यानं आणि त्याच्या मेव्हण्यानं ढकलत वर आणली. बेकरीवाला तोंडाळ आहे पण मनाचा चांगला. म्हणाला, "काका, म्हातारं कोण झालंय, गाडी का मालक?" सगळे हसले. हे नाही हसले. घरी आले, बूट काढले आणि म्हणाले, "पुन्हा ढकलायची वेळ आली तर मी डायलिसिसलाच जाणार नाही." बोलले म्हणजे बोलले, तुला स्वभाव ठाऊक आहे. आणि डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलंय की एखादी वेळ चुकली तर कसंतरी निभावेल, लागोपाठ दोन चुकल्या तर छातीत पाणी होईल.

आता त्या सहा बॅटऱ्या काढून लिथियमची एकच मोठी बसवायची ठरवलंय. शिशाच्या बॅटऱ्यांची ह्यांना नाडी कळते, पण लिथियमला कधी हात लावलेला नाही. म्हटलं, ठिणगीला विचारा, ती जहाजावर हेच करते. तर म्हणे, "स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा हे जिला मी शिकवलं, तिला विचारू?"

म्हणून मी विचारते. पेट घेईल का? काय काय बदलायला लागेल? सोपं करून सांग. मी शिलाई मशिनं दुरुस्त करते, जहाजं नाही.

तुझी आत्या

*

६ मार्च

आत्या,

तुला नमस्कार, आणि आतोबांना चोरून नमस्कार.

आधी भीती काढून टाक. चांगली बॅटरी घेतली आणि नीट बसवली तर ती उगाच पेटत नाही. तिच्या पेटीतच एक छोटं सर्किट असतं, तिचा रखवालदार म्हण. बॅटरी फार तापली, फार रिकामी झाली किंवा गरजेपेक्षा जास्त भरायला लागली, की तो दार बंद करतो. कुणाची भीडभाड ठेवत नाही. त्याच्यावर भरवसा ठेव.

जुना चार्जर मात्र नव्या बॅटरीच्या आसपाससुद्धा नको. तो शिशासाठी बनलाय, लिथियमला चुकीच्या पद्धतीनं भरेल. बॅटरीबरोबर तिचाच चार्जर घ्यायचा. जुन्या बॅटऱ्या काढताना आतोबांना हातातली अंगठी आणि घड्याळ काढायला लाव, आणि पान्ह्यांच्या दांड्यांना चिकटपट्टी गुंडाळ. सहा बॅटऱ्यांचं वजन गेलं की गाडी मागून थोडी उचलल्यासारखी दिसेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. वायर जिथे घासते तिथे रबर लाव.

हे सगळं त्यांच्यापर्यंत तू कसं पोचवणार ते तू जाण. पण आत्या, एक सांगू? लपवाछपवी आणि वीज एका घरात नांदत नाहीत. सरळ सांग ना, की ठिणगीला विचारलं.

इथून फोन लागत नाही. तुझ्या मोबाईलवर येणारी ही पत्रंसुद्धा जहाजाच्या लहरीवर जातात. आभाळ बरं असलं तर लगेच, नाहीतर खोळंबतात. पुढे हवा खराब आहे म्हणतात. तेव्हा काही अडलं तर लवकर लिही.

ठिणगी

*

१४ मार्च

ठिणगे,

झालं! गाडी चालली!

तुझं एकेक वाक्य मी "पेपरात आलं होतं" म्हणून ह्यांना सांगितलं. अंगठीचं सांगितलं, चिकटपट्टीचं सांगितलं. चार्जरचं ऐकून म्हणाले, "पेपरवाल्यांना हल्ली अक्कल आलेली दिसते." मी भांडी घासत होते, नाहीतर हसू दिसलं असतं.

आठवडाभर मागची शेड म्हणजे ह्यांचं राज्य. जुन्या बॅटऱ्या बेकरीवाल्याच्या मेव्हण्यानं उचलून बाहेर ठेवल्या. त्यांच्याखालचा पत्रा गंजून चाळणी झाला होता, तो ह्यांनी कापला, नवा ठोकला, रंगवला. डायलिसिसच्या दिवशी खाली रिक्षास्टँडवर निरोप पाठवला आणि रिक्षा जिथवर येते तिथवर चक्क चालत गेले, कुरकूर नाही. शेडमध्ये शीळ घालत होते गं. किती वर्षांनी ऐकली मी ती शीळ. रडू आलं मला, खोटं कशाला बोलू.

काल मागच्या सपाट अंगणात फिरवून पाहिली. घोड्यासारखी उधळते. मी म्हटलं, गाडी एवढी पळायला लागली तर ब्रेकचे लायनर नवे टाकून घ्या. तर मला वेड्यात काढलं. म्हणाले, "अगं, उतारावर गाडीतली विजेची मोटारच तिला मागे ओढून धरते. पायाला काम आहे कुठे? दहा वर्षं झाली, ब्रेक झिजलेच नाहीत फारसे." बरं बाई, तुम्ही शहाणे.

आता परवा, सोमवारी, तिच्यातूनच दवाखान्यात जायचं. रविवारी रात्रभर चार्जिंगला लावून ठेवणार. मैदानावरचा ह्यांचा नियम तुला माहीत आहेच, हिरवा दिवा लागल्याशिवाय गाडी शेडबाहेर काढायची नाही. अर्धी भरलेली गाडी बाहेर काढणाऱ्या पोरांना ह्यांनी मैदानावर काय काय ऐकवलंय!

तू मात्र खूश हो. तुझ्यामुळे झालं हे.

आत्या

*

१४ मार्च

आत्या, थांब. सोमवारी गाडी खाली न्यायची नाही. आधी हे नीट वाच.

उतारावर मोटार गाडीला धरून ठेवते, म्हणजे काय करते? ती उलटी चालते, वीज तयार करते आणि बॅटरीत परत ढकलते. तेवढा जोर लागतो म्हणून गाडी हळू उतरते. शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी थोडी उकळते, पण ती वीज कशीबशी पोटात घेते. लिथियम घेत नाही. पूर्ण भरलेल्या बॅटरीत आणखी वीज शिरायला लागली, की तो रखवालदार दार बंद करतो. दार बंद झालं की मोटारीची पकड गेली, एका क्षणात. त्यानंतर गाडी फक्त पायाच्या ब्रेकवर, आणि त्या ब्रेकला दहा वर्षांत कामच पडलेलं नाही.

तुमचं घर उतार जिथे सुरू होतो तिथे आहे. गाडी वर भरायची आणि भरल्या भरल्या खाली सोडायची, यापेक्षा वाईट काही असू शकत नाही. मला त्या उतारावरचा दगड न् दगड माहीत आहे, तरी पहिल्या पत्रात हे सुचलं नाही, याची मला चीड येतेय. रखवालदारावर भरवसा ठेव असं मीच लिहिलं.

आता काय करायचं: बॅटरी पाऊण भरली की चार्जर काढायचा. त्याहून जास्त नाही. आणि ब्रेक नवे घालेपर्यंत गाडीत कुणीही बसून खाली जायचं नाही, आतोबाही नाहीत. त्यांना सांग. पेपरात आलं होतं म्हणून नको सांगूस, माझं नाव घेऊन सांग. चिडले तर माझ्यावर चिडू देत.

पोचलं की एक ओळ लिही. फक्त एक ओळ.

ठिणगी

*

१५ मार्च

ठिणगी, पत्र मिळालं. सगळं समजलं. मी व्यवस्था केली आहे, तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. हे मजेत आहेत. जेवलीस का?

आत्या

*

१६ मार्च

आत्या,

तुझी ओळ आली आणि मग कुठे मी जेवायला गेले. खरं सांगते, त्याआधी हातातलं काम सुचत नव्हतं; मुख्य इंजिनिअरनं दोनदा विचारलं, बरं नाही का.

आतोबा काय म्हणाले? "कालची पोरगी मला शिकवते" वगैरे झालं असेल. होऊ दे. ब्रेकचे लायनर कुठल्या मापाचे लागतात ते त्यांना तोंडपाठ असेल, तरी मी माहिती काढून ठेवलीय. त्यांनी विचारलं तरच देईन, नाहीतर गप्प.

पण तुझी ओळ वाचताना एक गोष्ट खटकली. "व्यवस्था केली" म्हणजे नक्की काय? त्यांना सांगितलंस ना?

इथे समुद्र खवळायला लागलाय. पत्र गेलं तर बरं.

ठिणगी

*

१८ मार्च

आत्या,

उत्तर नाही. कप्तानाच्या पाया पडून उपग्रहाच्या फोनवरून तुमच्या घरी आणि तुझ्या मोबाईलवर फोन लावला. वाजून वाजून थांबला. बेकरीचा नंबर माझ्याकडे नाही.

मी रागावलेली नाही. काहीही झालं असेल तरी लिही. मला न सांगितलेलं मी इथे जास्त वाईट रंगवते.

ठिणगी

*

१९ मार्च

ठिणगी,

डाव्या हाताच्या एका बोटानं लिहितेय, तेव्हा चुका असतील तर समजून घे. उजवा हात मनगटापासून प्लास्टरमध्ये आहे. ह्यांना काही झालं नाही. आधी हे वाच आणि मग पुढचं.

मी ह्यांना सांगितलं नव्हतं.

मला वाटलं, सांगण्याची गरजच काय? चार दिवस माणूस शीळ घालतोय. त्याला जाऊन म्हणायचं, की तुम्ही चुकलात, आणि हे मला ठिणगीनं सांगितलं, जिला मी तुमच्या पाठीमागे विचारत होते? जीभ रेटली नाही. मग मी माझी हुशारी चालवली. रविवारी जेवणं झाल्यावर हे बातम्या बघत बसले, तेव्हा मी शेडमध्ये गेले, बॅटरीवरचा आकडा बघितला, पाऊण भरली होती. प्लग काढून टाकला. म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

सोमवारी सकाळी मी ह्यांची चादर आणि डबा भरत होते, तेवढ्यात हे शेडमध्ये गेले. प्लग निघालेला दिसला. वाटलं, सैल होऊन पडला असेल. पुन्हा लावला आणि तिथेच स्टुलावर चहा पीत बसले, हिरवा दिवा लागेपर्यंत. लागल्यावर काढला, वायर गुंडाळली. मी बाहेर आले तर प्लग काढलेलाच होता, मी काढला होता तसाच. आकडा बघितला नाही गं. माझं काम झालं होतं ना.

एरवी मी पायऱ्यांनी खाली उतरते आणि दवाखान्यात भेटते. त्या दिवशी मात्र शेजारी बसले. मनात पाल चुकचुकत होती. ब्रेकबद्दल तू लिहिलं होतंस ते आठवत होतं.

पहिलं वळण छान उतरलो. हे म्हणाले, "बघ, कशी लोण्यासारखी चाललीय." बेकरीच्या पुढे जिथे उतार एकदम खाली जातो, तिथे खट असा आवाज झाला आणि गाडी सुटली. दुसरा शब्द नाही, सुटली. ह्यांनी दोन्ही पाय ब्रेकवर दिले. जळका वास आला, गाडी थांबेना. समोर माणसं होती, शाळेत निघालेली पोरं होती. ह्यांनी स्टिअरिंग वळवलं आणि गाडी भिंतीला घासत नेली. छपराचा खांब वाकला, आणि भिंत आणि खांब यांच्यामध्ये माझा हात होता. गाडी थांबली. बेकरीवाला पिठाच्या हातांनी धावत आला. आम्हाला दोघांनाही त्यानंच दवाखान्यात नेलं. ह्यांचं डायलिसिस त्या दिवशी झालं, माझं प्लास्टर झालं.

पण काल बुधवार होता, डायलिसिसचा पुढचा वार, आणि हे गेले नाहीत.

भिंतीकडे तोंड करून पडलेत. जेवत नाहीत. एवढंच बोलले, "या हातांनी तुला मारलं असतं मी. ज्या कामात आयुष्य गेलं ते काम मला येईनासं झालंय. आता मला कशाला जगवतेस?" बेकरीवाला खुर्ची घेऊन आला होता, उचलून खाली नेतो म्हणाला. ह्यांनी त्याला हात जोडले आणि दार लावून घेतलं.

उद्या शुक्रवार. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते मी तुला लिहिलंय. सकाळपासून ह्यांचे पाय सुजलेत, जिना चढल्यासारखा श्वास लागतोय. आणि मला माहीत आहे की चूक ह्यांच्या हातांची नाही, माझ्या तोंडाची आहे. पण आता सांगितलं तर हे मला कधी माफ करणार नाहीत. सांगू कशी? तूच सांग, काय करू?

आत्या

*

१९ मार्च

आत्या,

आत्ताच्या आत्ता सांग. हे वाचून फोन खाली ठेव आणि उठ.

ते तुला माफ करोत न करोत, तो नंतरचा प्रश्न आहे. त्यासाठी ते असायला हवेत. ते पडून आहेत कारण त्यांना वाटतंय, आपले हात गेले. हात गेलेले नाहीत. बॅटरी चोख बसवली होती, वायर कुठे तापली नाही, काही पेटलं नाही, आणि ब्रेक नसताना माणसांना चुकवून गाडी भिंतीला थांबवली. एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती, आणि ती माहीत असलेली दोन माणसं होती, तू आणि मी. हे त्यांना कळायला नको?

माझी सगळी पत्रं त्यांच्यापुढे धर. पहिल्यापासून. स्वतःला वाचवू नकोस आणि मलाही वाचवू नकोस.

ते ओरडतील. ओरडू देत. ओरडायला श्वास लागतो, आणि तेवढा श्वास असेपर्यंत खाली जा.

हे पत्र आज निघेल की नाही ते मला माहीत नाही. कप्तान म्हणतो, प्रयत्न करतो. मी रेडिओच्या खोलीबाहेर बसून आहे.

ठिणगी

*

२१ मार्च

ठिणगी,

मी पत्रं लिहीत नाही. तुझ्या आत्याच्या मोबाईलवर चष्मा लावून लिहितोय, ती शेजारी बसून अक्षरं दाखवते आहे. मध्ये मध्ये नाक खुपसते. तिला पाणी आणायला पाठवलंय.

काल शुक्रवारी पहाटे ती दारात उभी राहिली आणि सगळं बोलली. पेपर, तू, प्लग, सगळं. मग तुझी पत्रं वाचून दाखवली, पुढची मागची, एकही गाळली नाही. मी फार ओरडलो. जे बोललो ते तुला लिहिता येणार नाही. शेजारच्यांनी खिडक्या उघडल्या. ती प्लास्टरचा हात पोटाशी धरून ऐकत राहिली, आणि मला दम लागून थांबावं लागलं तेव्हा म्हणाली, "झालं? आता चला."

गेलो. बेकरीवाल्यानं खुर्चीवरून नेलं, त्यानं आणि मेव्हण्यानं. वाटेत एक शब्द चेष्टेचा काढला नाही त्यानं, त्याचंच मला जास्त लागलं. शेवटी मीच म्हटलं, "अरे, काहीतरी बोल." डॉक्टरीणबाई खूप चिडल्या. पाणी बरंच काढलं. आता बरं आहे. आज पाय पायासारखे दिसतायत.

बॅटरीचं तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. बरोबर आहे. मोटार वीज परत ढकलते हे मला पोरवयापासून माहीत आहे. मी स्वतः नव्या पोरांना शिकवलंय. पण बॅटरी ती वीज नको म्हणेल, हे कधी डोक्यात आलं नाही, कारण माझ्या बॅटऱ्या कधी नको म्हणाल्याच नाहीत. मैदानावर गाड्या भरायची शेड खाली होती आणि चढ नंतर यायचा. घरी चढाची बाजू उलटी झाली आणि मी नियम तोच ठेवला. हे तुझ्याआधी मला दिसायला हवं होतं. तुझी चूक नाही, तुझ्या आत्याचीही नाही. माझा हिरवा दिवा.

आता मी विचारतो. लायनर मी आजच मागवले, माप मला ठाऊक आहे, ते तू तुझ्याजवळ ठेव. पण चार्जर आपोआप पाऊणवर थांबेल असं करता येतं का? आणि मोटारीची पकड थोडी सैल करून ठेवायची तर तिला चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये कुठे हात घालायचा? उत्तर मला दे. माझ्या नावानं दे.

वाकलेला खांब सरळ केला आहे. बेकरीवाला म्हणतो, भिंतीवर पांढऱ्या रंगाचा लांब पट्टा उठलाय, पुसू का? मी म्हटलं, राहू दे.

एक गोष्ट मात्र राहून राहून छळते, आणि ती तिच्यासमोर मला विचारता येत नाही, म्हणून तुला लिहितो. काल दवाखान्यात सुया लावल्यावर मी तिला म्हटलं, "तुला शंका होती, तर तू गाडीत बसलीस कशाला?" म्हणाली, "तुम्ही ऐकलं नसतंत. मग म्हटलं, निदान एकटे तरी नको."

ठिणगी, मी आयुष्यभर तिच्याशी असा कसा वागलो गं, की मला एक वाक्य सांगण्यापेक्षा तिला भिंत परवडली?

ती पाणी घेऊन आली. थांबतो.

आतोबा